होडी उशिरा वळते

मिठबाव, १७ नोव्हेंबर २०२५

कौस्तुभ,

फोनवर आपण दोन मिनिटांत भांडतो, म्हणून मेल करते आहे. काम आहे. तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला विचारण्यासारखं नाही, नाहीतर विचारलं असतं.

तू नेहमी म्हणायचास, तक्रार करायची तर रडगाणं नको. आधी काय होतं, मग काय बदललं, आता काय होतंय, एवढंच सांग. तर तसंच सांगते.

आधी: बाबांना अर्धांगाचा झटका आल्यावर तू घरी राहून त्यांच्या उजव्या हातासाठी जो समुद्र तयार केलास, तो रोज सकाळी चालू असायचा. पडद्यावर आपल्या खाडीचं तोंड, हातात लाकडी दांडा. दांडा फिरवला की होडी वळणार, आणि पाण्यात बुडालेले काळे खडप चुकवत ती बाहेर समुद्रात काढायची. चित्राची बाजू तुझी, दांड्याची माझी. रबरी चेंडू दाबायला सांगितला की तोंड फिरवणारे बाबा या होडीपुढे तासभर बसायचे. तीस वर्षं तांडेल म्हणून होडीचं सुकाणू सांभाळलं, त्यांना चेंडूत काय रस असणार. सप्टेंबरपर्यंत दहापैकी सात वेळा होडी सुखरूप बाहेर जात होती.

बदललं ते असं: ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात परतीच्या पावसात वीज कडाडली आणि बाबांच्या खोलीतला जुना संगणक जळाला. नवा आणला, लहानसा. चित्र काढणारी जी लायब्ररी तू वापरली होतीस ती त्याच्यावर चालेना, म्हणून मी तिची नवी आवृत्ती घातली. जिथे जिथे नावं बदलली होती तिथे तुझ्या कोडात बदलली. माझ्या लॅपटॉपवर चालवून बघितलं, नीट चाललं.

आता: बाबांच्या संगणकावर चित्र हळू चालतं. लाटा अडखळतात. होडी उशिरा वळते.

जुनी लायब्ररी परत घालणं शक्य नाही, नवा संगणक ती घेतच नाही. नव्या आवृत्तीत असं का व्हावं, काही सुचलं तर कळव.

बाबा बरे आहेत. आई बरी आहे.

भक्ती


मिठबाव, २० नोव्हेंबर

कौस्तुभ,

तुझी एक ओळ मिळाली. 'हळू म्हणजे किती, मोजून सांग.' बरोबर आहे.

मोजलं. जुन्या संगणकावर सेकंदाला साठ चित्रं पडद्यावर यायची. आता चौदा येतात. माझ्या लॅपटॉपवर अजूनही पन्नासच्या वर आहेत, म्हणून त्या दिवशी मला काही कळलं नाही. हा संगणकच दुबळा आहे असं धरून मी लाटा कमी केल्या, पाण्यावरची चमक काढली, चित्राचा आकार निम्मा केला. चौदाचे सोळा झाले. समुद्र मात्र पाट्यावर पसरलेल्या पिठासारखा दिसायला लागला.

आता दुसरी गोष्ट. बाबा बरे आहेत असं मी लिहिलं. जेवतात, काठी घेऊन अंगणाच्या टोकापर्यंत जातात. पण गेले तीन आठवडे ते होडीपुढे बसलेले नाहीत.

नवा संगणक लावला त्या पहिल्याच दिवशी होडी आपटायला लागली. बाबा हसले. म्हणाले, "नवी होडी आसा, हाताक लागाक येळ लागतलो." चार दिवसांनी हसणं बंद झालं. एकाच खडपावर नऊ वेळा आपटले. मी शेजारी माझ्या वर्गाचे पेपर तपासत बसलेली असायची आणि मान वर न करता सांगायची, बाबा, लक्ष द्या. बाबा, जरा जोर लावा. ते जोर लावायचे. होडी आधी जागची हलायची नाही आणि मग एकदम जास्तच वळायची. एकोणतीस तारखेला त्यांनी दांडा मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "बाय, माझो हात परत गेलो. आता माझ्या मागे लागा नको."

कणकवलीला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बोटं आवळायला लावली, हात वर करायला लावला, आणि म्हणाले की ऑगस्टमध्ये होता तसाच आहे, उलट थोडा बरा. येताना रिक्षात बाबा म्हणाले, "डॉक्टराक काय, तेका बरा सांगूकच होया." दुसऱ्या दिवशी त्यांनी चहाची कपबशी डाव्या हातात घेतली. चार महिने उजव्या हाताने धरत होते. आई चुलीपाशी उभी राहून ते बघत होती.

आणि मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. हात जातोय असंच मलाही वाटलं.

गेल्या शुक्रवारी आकांक्षाचा फोन आला. ही जामसंड्याची व्यायामोपचार करणारी मुलगी, पंधरवड्याने बाबांना बघायला येते. म्हणाली, "भक्तीताई, जामसंड्याच्या सुशीलाकाकींकडे टॅबवर तुमचीच होडी आहे ना, त्या सांगतायत की माझा हात महिन्याभरापासून मागे पडायला लागलाय. तुमच्या बाबांचंही तेव्हापासूनच ना? दोघांचे हात एकाच आठवड्यात कसे बिघडतील?"

मी तेव्हा वर्गाबाहेर जिन्यात होते. तिथेच पायरीवर बसले. त्याच आठवड्यात मी दोन्हीकडे नवी आवृत्ती घातली होती.

घरी येऊन बाबांचा दांडा मी स्वतः हातात घेतला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. तिसऱ्या खडपावर आपटले. माझा हात धडधाकट आहे.

'होडी उशिरा वळते' हे मी तुला नुसता एक दोष म्हणून लिहिलं. बाबांना ते पहिल्या दिवसापासून जाणवत होतं. त्यांनी दोष हाताला दिला, आणि मी त्यांना जोर लावायला सांगत राहिले.

भक्ती


मिठबाव, २२ नोव्हेंबर

कौस्तुभ,

तू विचारलंस, जामसंड्याच्या काकींपर्यंत ते पोचलं कसं. तू विचारणार हे माहीत होतं, तरी मी परवा तेवढं वाक्य पटकन लिहून पुढे गेले.

जूनमध्ये आकांक्षाने बाबांची होडी बघितली आणि म्हणाली, माझ्या आणखी काही माणसांना हे देता येईल का. मी चार जणांसाठी टॅबवर बसवून दिलं, आणि ऑक्टोबरात नवी आवृत्तीही त्या चारही टॅबवर घातली. मग ऑगस्टमध्ये तिच्यासारखे उपचार करणाऱ्यांची कणकवलीत सभा होती, तिथे तिने मला न्यायचं ठरवलं, आणि मी ते सगळ्यांपुढे दाखवलं.

चालू करताना पहिल्यांदा जी पाटी यायची ती तुला आठवत असेल. चित्र, कौस्तुभ तारी. दांडा, भक्ती तारी. समुद्राची माहिती, भिकाजी तारी, तांडेल. सभेच्या आदल्या दिवशी मी पहिली ओळ काढली. दाखवताना कुणी विचारलं, हे सगळं तुम्ही केलंत? मी म्हटलं, हो, आणि वडिलांनी.

मनाला मी असं समजावलं होतं की त्याने हेच दाखवून हैदराबादची नोकरी मिळवली, त्याचं त्याला मिळालं.

तू निघालास त्या दिवशी मिठबावच्या बसथांब्यावर, चार माणसांसमोर, मी तुला म्हटलं होतं की बाबांचं आजारपण दाखवून नोकरी मिळवलीस. तू बॅग उचलून गाडीत चढलास. आई तुझा डबा घेऊन धावत आली तोवर गाडी वळणावर गेली होती. तो डबा दोन दिवस ओट्यावर तसाच होता. उघडायला कुणी तयार नव्हतं.

आणि वर्षभरात मी तेच केलं, तुझं नाव काढून. तू निदान तुझंच काम दाखवलं होतंस.

ती ओळ मी काल परत घातली. तू उत्तर देतोस की नाही याच्याशी तिचा संबंध नाही. आणि उद्यापासून त्या चौघांच्या घरी जाऊन सांगणार आहे की हे सध्या वापरू नका, चूक यंत्रात आहे आणि ती माझी आहे. फोनवर सांगून कुणाला पटेलसं वाटत नाही.

भक्ती


मिठबाव, २८ नोव्हेंबर

कौस्तुभ,

सहा दिवस झाले. तुझं उत्तर नाही. मी तुझ्या जागी असते तर मीही दिलं नसतं, म्हणून त्याबद्दल काही लिहीत नाही. काय झालं ते सांगते.

चारही घरी जाऊन आले. सुशीलाकाकी बाहेर खुर्चीत बसल्या होत्या, उजवा हात पदराखाली झाकलेला. मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे मी बरी आसंय?" मी हो म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारून झाल्यावर चिडल्या. "महिनाभर मी देवाक गाऱ्हाणा घालतंय, आणि चूक तुझ्या मशिनीची?" मग सुनेला हाक मारून म्हणाल्या, हिला चहा दे, उन्हातून आलीय. चहा पिताना मला बघवत नव्हतं त्यांच्याकडे. पदराखालचा हात बाहेर आला होता आणि त्या बोटं एकेक करून उघडत-मिटत होत्या.

बाबांना मात्र पटत नाही. मी समोर बसून सांगितलं की तुमचा हात चांगला आहे, होडीच उशिरा वळते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, डावा, आणि म्हणाले, "माझ्यासाठी खोटा बोला नको गो."

मग मी फोन तिवईवर लावून माझा हात आणि पडदा एकाच चौकटीत धरला, आणि संथ गतीत चित्रण केलं. दांडा हलतो तिथपासून होडी हलते तिथपर्यंतचा वेळ मोजला. सेकंदाचे चार दशांश. ऐकायला थोडे वाटतात, पण खडपाशी तेवढ्यात होडी निम्मी लांबी पुढे गेलेली असते. ते चित्रण बाबांना दाखवलं. बघा, माझा निरोगी हात, तरी आपटले. बाबा शांतपणे म्हणाले, "तुका होडी खंय चलवक येता?" आई हसली. कित्येक दिवसांनी हसली. बाबा हसले नाहीत.

कारण सापडलं आहे. वेग मोजत एकेक भाग बंद करत गेले. लाटा बंद, फरक नाही. ढग बंद, फरक नाही. पक्षी, दांड्याकडून येणारी माहिती, आवाज, काही नाही. शेवटी 'खडप लागला का' बघणारा तुझा भाग बंद केला आणि सोळाचे एकदम साठ झाले. आई मागच्या दारी बांगडे साफ करत होती, मी ओरडले तशी ती सुरी घेऊन आत आली.

होतं असं: होडीखाली पाण्याचा रंग कोणता, हे तो भाग पडद्यावरच्या चित्रालाच विचारतो. काळपट असला तर खडप. जुनी लायब्ररी आधीच्या चित्रावरून हातोहात उत्तर द्यायची आणि पुढे जायची, शिळं का असेना. नवी तसं करत नाही. चालू चित्र पुरतं काढून होईपर्यंत बाकी सगळं अडवून ठेवते आणि मग खरं उत्तर देते. आणि आपण हा प्रश्न होडीच्या कडेने बारा ठिकाणी विचारतो. प्रत्येक चित्राला बारा वेळा थांबायचं. माझा लॅपटॉप दांडगा आहे, तो ते रेटून नेत होता. छोटे संगणक आणि टॅब नाही नेऊ शकत. नव्या आवृत्तीच्या टिपणात हे एका ओळीत लिहिलेलं आहे. मी ती वाचली नव्हती.

तो भाग नुसता बंद ठेवता येत नाही, कारण मग होडी खडपांवरून कागदासारखी सरकत जाते. असली होडी दाखवली तर बाबा उठून जातील. चित्राला काही न विचारता खडपांचा वेगळा नकाशा ठेवायचा आणि त्यात बघायचं, हा उपाय मला कळतो. पण भरतीला कुठला खडप किती बुडतो, ओहोटीला किती उघडतो, ते तुझ्या कोडात नुसते रंगांचे आकडे आहेत. त्यांचा अर्थ कुठेच लिहिलेला नाही. तो तुझ्याकडे असणार.

तेवढं पाठव. माझ्यासाठी पाठवू नकोस.

भक्ती


मिठबाव, ३ डिसेंबर

कौस्तुभ,

वहीचे फोटो मिळाले. तेवीस पानं. आणि सोबतचे तुझे चार शब्दही.

तू लिहितोस की कोडातली ती रंग विचारणारी ओळ निघायच्या आदल्या संध्याकाळी घाईत लिहिली, चित्राला विचारणं चुकीचं आहे हे तेव्हाच माहीत होतं, सावकाश नीट करीन असं म्हटलं होतं आणि मग माझ्याशी बोलायची वेळच आली नाही. ठीक आहे. मी न वाचता नवी आवृत्ती घातली, तू माहीत असून कच्चं ठेवलंस. त्याचं माप काढत बसायला नको.

वहीबद्दल बोलायचं आहे. अशी वही आहे हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं तू नकाशे बघून खडप काढलेस. तू बाबांकडून एकेक लिहून घेतलास. 'म्हातारो', अर्ध्या भरतीक बुडता. 'दोन भयणी', मधून होडी जाता पण वारो नसताना. मधेच एका पानावर फक्त एवढंच आहे: 'आज बाबांना शब्द सापडत नव्हते. बराच वेळ थांबलो. शेवटी त्यांनी ताटातल्या पेजेत बोट फिरवून आकार दाखवला. तो खाली काढला आहे.' आणि खाली तुझ्या पेन्सिलीने काढलेला खडप.

तेव्हा त्यांना झटका येऊन दोन महिनेच झाले होते. मी सकाळी जामसंड्याला वर्गावर जायची आणि संध्याकाळी यायची, आणि तू दिवसभर संगणकात डोकं घालून बसतोस असं आईला सांगायची.

बसथांब्यावर मी बोलले ते खोटं होतं. ते बोलताना मला खरं काय वाटत होतं ते आता सांगते. तू जाणार होतास आणि मी राहणार होते, आणि मला राहायचं आहे का हे कुणी विचारलं नव्हतं. तूही नाही. बाबांशी, नोकरीशी त्याचा काही संबंध नव्हता. विचारलं असतंस तर मी राहतेच म्हणाले असते.

नकाशा वेगळा केला. कालचा अख्खा दिवस लागला. तुझे भरती-ओहोटीचे आकडे बरोबर बसले. लाटा आणि चमक परत आणली, चित्र पूर्ण आकाराचं केलं. साठ. या वेळी माझ्या लॅपटॉपवर न बघता बाबांच्या संगणकावर आणि आकांक्षाकडच्या सगळ्यात जुन्या टॅबवर बघितलं. पुन्हा चित्रण करून मोजलं, हात आणि होडी यांच्यात आता जेमतेम सहा शतांश आहेत.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. पुन्हा 'खोटा बोला नको' ऐकायची माझी तयारी नाही.

भक्ती


मिठबाव, ८ डिसेंबर

कौस्तुभ,

तू विचारलंस, बसले का. बसले. पण माझ्यामुळे नाही.

मी तीन दिवस सांगून बघितलं. बाबा, आता एकदा बघा. "ठेव ता थंयच." आकांक्षाने सांगून बघितलं. तिला त्यांनी शहाळं दिलं आणि विषय बदलला.

शनिवारी दुपारी आई मला म्हणाली, "माका लावन दी." मी म्हटलं, तुला कशाला? "लावन दी म्हणतंय मा." मी होडी चालू करून दिली. आई आयुष्यात कधी सुकाणूला बसलेली नाही. दांडा तिने उलथन्यासारखा धरला. होडी निघाली आणि दहा हातांवर आपटली. ठक्. पुन्हा निघाली, पुन्हा ठक्. बाबा बाहेर ओसरीवर बसले होते. प्रत्येक आवाजाला त्यांची मान थोडी वळत होती, मला दारातून दिसत होतं.

पाचव्या वेळी बाहेरून आवाज आला, "सुभद्रा, म्हाताऱ्याच्या उजवीक काढ."

आईने डावीकडे वळवलं. ठक्.

"उजवीक गो. तुझो जेवचो हात खंयचो?"

"माका नाय कळत," आई म्हणाली. "येवन दाखवा."

काठीचा आवाज आत आला. बाबा तिच्या मागे उभे राहिले, मग तिला उठवून खुर्चीत बसले. दांडा आधी डाव्या हातात घेतला. मग बहुधा अवघड वाटलं असेल, कारण सगळी सवय उजव्याची, त्यांनी तो उजव्यात घेतला. थोडा वळवला.

होडी वळली.

ते थांबले. दांडा सरळ केला. होडी सरळ झाली. पुन्हा थोडा वळवला, पुन्हा सरळ केला. खाडीच्या मध्येच होडी उभी करून पाच-सहा वेळा ते नुसतं एवढंच करत राहिले. आई त्यांच्या पाठीशी पदर तोंडाला लावून उभी होती. मग त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "म्हंजे तू खरा सांगत होतंस."

मी हो म्हटलं.

पहिल्या खेपेला आपटले, दुसऱ्या खेपेलाही. महिनाभर हात बंद होता, तो आखडला आहे थोडा, ते मी लपवत नाही. चौथ्या खेपेला होडी बाहेर गेली. त्या संध्याकाळी चहा उजव्या हाताने घेतला, निम्मा बशीत सांडला. आईने बशी पुसली आणि तशीच परत पुढे ठेवली.

सुशीलाकाकींचा टॅबही आज नीट करून आले. त्या म्हणाल्या, "तुझ्या भावाचा नाव पयला येता आता. तो कोण?" मी सांगितलं, चित्र त्याचं आहे. म्हणाल्या, तेका सांग, पाणी बरा काढलान.

भक्ती


मिठबाव, २२ डिसेंबर

कौस्तुभ,

बाबा आता दहापैकी आठवर आहेत. आकांक्षा म्हणते, पकड सप्टेंबरपेक्षा घट्ट आहे.

पण गेला आठवडाभर एक अडचण होती, आणि ती मी तुला कळवली नाही, कारण मी घाबरले होते. खाडीच्या अगदी तोंडाशी शेवटचा जो लहान खडप आहे, मोठ्या ओहोटीच्या खेपेला त्याच्यावर ते रोज आपटायला लागले. बाकी सगळे चुकवायचे आणि तिथे हमखास ठक्. मी पुन्हा वेग मोजला, साठ. हात-होडीतला वेळ मोजला, तोही ठीक. यंत्रात काही नव्हतं. म्हणजे हात दमतो, शेवटपर्यंत टिकत नाही, असं मी मनात धरलं. काल सकाळी लागोपाठ सहाव्यांदा आपटले आणि त्यांनी दांडा मांडीवर ठेवला, त्या दिवशी ठेवला होता तसाच. मी शेजारी बसले. काय बोलायचं ते सगळं माझ्या ओठांवर तयार होतं. दमला असाल, हळूहळू होईल, डॉक्टरही म्हणालेत.

बाबा म्हणाले, "माझो हात बरोबर आसा. खडप चुकलो."

मी म्हटलं, काय?

"हो खडप हंय नाय. दोन होडये दक्षिणेक होयो. मी तीस वर्सां हंयसून गेलंय. कौस्तुभान चुकीचो काढल्यान."

असं म्हणून त्यांनी पडद्यावरच्या त्या जागेवर बोट ठेवलं. उजव्या हाताचं.

मी म्हटलं, सांगा कुठे, आत्ता हलवते. तर म्हणाले, हलवू नको, तुला नाही कळणार, सांगून तो कुणालाच कळणार नाही. तो फक्त अवसेच्या मोठ्या ओहोटीला उघडा पडतो, परवाच्या अवसेला लाट होती म्हणून दिसला नाही. जाऊन उभं राहून बघायला हवा. पौष अमावास्या अठरा जानेवारीला आहे, रविवार येतो. शेजारचा सुदेश त्याची छोटी होडी देईल, बाबांना धरून बसवू, पाणी शांत असलं तर जमेल. हे सगळं त्यांनी आधीच ठरवलेलं होतं, सुदेशशी बोलूनसुद्धा झालं होतं. मला शेवटी कळलं.

"कौस्तुभाक इचार, येता काय," म्हणाले.

मी म्हटलं, तुम्हीच विचारा ना, फोन लावून देते.

त्यांनी हात हलवून नको म्हटलं. मग म्हणाले, "मी इचारलंय तर तेका नाय म्हणाक कठीण जातला. तू इचार."

म्हणून मी विचारते आहे. जमत नसेल तर मला तसं लिही, मी भांडणार नाही, त्यांना नीट सांगेन. तू येशील असं मी त्यांना काही कबूल केलेलं नाही. आईलाही बोलले नाही, तरी तिने तुझ्या खोलीतली गादी काल उन्हात घातली.

तो खडप मी तसाच ठेवला आहे. आज सकाळी बाबा त्याच्यावर तीनदा आपटले आणि तिन्ही वेळा तुला शिव्या घातल्या, अगदी खुशीत.

ताई